किती महिने लागले?

स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ नेमकी कधी पडते, हे कुणालाच कळत नाही. जिच्या शरीरात ती पडते, तिलाही नाही. पाळी चुकली की बोटांवर मागे मोजत जायचं आणि 'तेव्हा दिवस राहिले असतील' असा अंदाज बांधायचा, एवढंच कित्येक पिढ्यांच्या हाती होतं. तरीही गेल्या शंभर वर्षांत या न दिसणाऱ्या घटनेबद्दल माणसाला केवढं कळलं आहे! महिन्यातले कोणते सहा दिवस तिच्यासाठी खुले असतात, एका महिन्यात ती घडण्याची शक्यता किती, सुरू झालेल्या गर्भांपैकी किती कुणाला चाहूलही न लागता संपतात, हे आज आकड्यांत सांगता येतं. यातलं पुष्कळसं ज्ञान सूक्ष्मदर्शकाखाली सापडलेलं नाही, ते मोजदादीतून आलं आहे. असंख्य जोडप्यांना वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या देशांत एकच साधा प्रश्न विचारला गेला: 'किती महिने लागले?' शरीराच्या आतलं गुपित त्या उत्तरांमध्येच दडलेलं होतं.

या प्रश्नाला गणिताचं रूप दिलं ते इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी. उत्पन्नातली विषमता मोजणारा 'जिनी गुणांक' ज्यांच्या नावानं ओळखला जातो, तेच हे जिनी. १९२४ साली टोरांटोला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे त्यांनी विचारलं, की जी विवाहित स्त्री गरोदर नाही आणि गर्भनिरोधाचा कोणताही उपाय करत नाही, तिला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता किती? तोपर्यंत जगाचा प्रश्न 'मूल होतं की होत नाही' असा दोन टोकांचा होता. जिनींनी त्या जागी एक आकडा आणला. लग्नानंतर कितव्या महिन्यात पहिलं मूल जन्माला आलं, याच्या नोंदींतून तो काढता येतो, हेही त्यांनी दाखवलं. या आकड्याला आपण 'मासिक शक्यता' म्हणू.

हा आकडा हाती आला, की पहिलं आश्चर्य लगेच समोर येतं. समजा, एखाद्या जोडप्याची मासिक शक्यता २५ टक्के आहे. माणसाच्या मानानं ती उत्तमच म्हणायची. म्हणजे दर महिन्याला अपयशाची शक्यता ७५ टक्के. सलग सहा महिने अपयश येण्याची शक्यता काढायची, तर ०.७५ ला सहा वेळा गुणायचं. उत्तर येतं सुमारे १८ टक्के. याचा अर्थ, अशा शंभर निरोगी जोडप्यांपैकी अठरा जोडपी सहा महिन्यांनंतरही वाटच पाहत असतील. त्यांच्या शरीरात काहीही बिघडलेलं नसेल. वर्ष उलटल्यावरही शंभरात तीन जोडपी उरतील, तीही इतरांसारखीच निरोगी. उशीर हा त्या २५ टक्क्यांच्या पोटातच आहे.

मागे उरणाऱ्यांचं कोडं

पण खऱ्या जोडप्यांचे आकडे या सरळ हिशेबात बसत नाहीत, आणि तिथूनच गोष्ट जास्त रंगते. जर्मनीत ३४६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांना आपल्या पाळीचक्रातले खुले दिवस ओळखण्याचं शिक्षण मिळालेलं होतं. पहिल्या चक्रात ३८ टक्के, तिसऱ्या चक्रापर्यंत ६८ टक्के, सहाव्यापर्यंत ८१ टक्के आणि बाराव्यापर्यंत ९२ टक्के स्त्रियांना दिवस राहिले. आता सगळ्यांचीच मासिक शक्यता ३८ टक्के असती, तर सहा चक्रांत ९४ टक्क्यांना दिवस राहायला हवे होते. प्रत्यक्षात आकडा ८१ वर थांबला. सहाव्या चक्रानंतर ज्या उरल्या, त्यांच्यात महिन्याला साधारण १३ टक्के एवढीच गती दिसते.

मग सहा महिन्यांत शक्यता घसरली कशी? जोडपी थकली? काळजीनं शरीर साथ देईनासं झालं? उत्तर वेगळंच आहे. महिने इथे चाळणीचं काम करतात. ज्यांची मासिक शक्यता मोठी, ती जोडपी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच खाली पडून जातात. वर उरतात त्यांच्यात मंद गतीच्या जोडप्यांचं प्रमाण वाढत जातं.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. हजार जोडप्यांनी एकाच वेळी प्रयत्न सुरू केले. त्यातल्या ५०० जोडप्यांची मासिक शक्यता ४० टक्के, ४०० जोडप्यांची २० टक्के आणि १०० जोडप्यांची फक्त ५ टक्के. पहिल्या महिन्यात अनुक्रमे २००, ८० आणि ५, म्हणजे एकूण २८५ जणींना दिवस राहतील. सहा महिन्यांनंतर सुमारे २०२ जोडपी उरतील आणि सातव्या महिन्यात त्यांच्यातल्या १७ टक्क्यांनाच यश येईल. वर्षानंतर उरतील ८३ जोडपी आणि तेराव्या महिन्याची शक्यता असेल जेमतेम साडेदहा टक्के. या सबंध वर्षात एकाही जोडप्याची स्वतःची शक्यता तसूभरही बदललेली नाही! बदलली ती फक्त मागे उरलेल्यांची वर्गवारी. त्या ८३ जोडप्यांत ५४ मंद गटातली आहेत, २८ मधल्या गटातली आणि एक तर चक्क सर्वांत जलद गटातलं. म्हणजे वर्षभर वाट पाहिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जोडपी अशी, की ज्यांना उशिराचं कारण विचारलं तर 'योग' यापलीकडे खरं उत्तरच नाही.

हे गणित पक्क्या पायावर उभं करण्याचं मोठं श्रेय मिंडेल शेप्स यांचं. त्या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टर, पुढे संख्याशास्त्राकडे वळल्या. जोडप्याजोडप्यातल्या या फरकामुळे सरासरी प्रतीक्षा आपल्याला वाटते त्यापेक्षा लांबते, हे त्यांनी १९६४ साली सिद्ध केलं. जेन मेंकन यांच्यासोबत लिहिलेला गर्भधारणा आणि जन्म यांच्या गणिती प्रतिमानांवरचा त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये आला. त्याच वर्षी शेप्स यांचं निधन झालं. पुढे १९८६ मध्ये क्लॅरिस वाइनबर्ग आणि बेथ ग्लॅडन यांनी जोडप्यांमधला हा फरक एका सुटसुटीत सूत्रात बसवला. त्या सूत्रानुसार दर महिन्याची यशाची शक्यता घेऊन तिनं एकाला भागलं आणि आलेलं उत्तर आलेखावर मांडलं, तर बिंदू एका सरळ रेषेत चढत जातात. इतक्या घरांतली इतकी वेगवेगळी प्रतीक्षा, आणि तिच्या तळाशी एक सरळ रेघ!

पुण्यातलं सूत्र

पहिल्या मुलानंतर दुसरं, मग तिसरं, असा सगळा क्रम गणितात कसा मांडायचा? या प्रश्नावरचं सुरुवातीचं एक महत्त्वाचं काम पुण्यात झालं. गोखले अर्थशास्त्र संस्था त्या काळात पुणे, नाशिक, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांत जननाच्या पाहण्या करत होती. संस्थेतले वि. म. दांडेकर पुढे नीलकंठ रथ यांच्यासोबत केलेल्या भारतातल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे घराघरांत पोचले, पण १९५५ साली 'सांख्य' या नियतकालिकात त्यांचा एक वेगळाच निबंध आला होता. ठरावीक काळात एखाद्या स्त्रीला किती मुलं होतील, याचं संख्याशास्त्र त्यात होतं.

अडचण अशी होती, की नेहमीची सूत्रं प्रत्येक महिना स्वतंत्र धरतात. या महिन्यात घटना घडली म्हणून पुढच्या महिन्यात ती घडायला काही आडकाठी नाही, असं ती मानतात. पण एकदा दिवस राहिले, की नऊ महिने आणि बाळंतपणानंतर पाळी परत येईपर्यंत पुन्हा दिवस राहणं शक्यच नसतं. दांडेकरांनी सूत्रातच ही बंद काळाची अट घातली: एकदा यश आलं, की पुढचे ठरावीक प्रयत्न निष्फळच धरायचे. काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या एस. एन. सिंह यांनी १९६३ साली आपल्या प्रतिमानांनी हा विषय आणखी पुढे नेला. हीच अट भौतिकशास्त्रातही भेटते. किरणोत्सारी कण मोजणारं गायगर यंत्र एक कण नोंदवल्यावर क्षणभर बधिर होतं आणि त्या क्षणात आलेला कण त्याच्या गणतीत येत नाही. प्रयोगशाळेतलं ते यंत्र आणि गावातल्या बाईची बाळंतपणं, दोन्हींचा हिशेब एकाच जातीच्या सूत्रांनी सुटतो.

हा बंद काळ केवढा प्रभावी आहे, ते लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांच्या मांडणीतून स्पष्ट होतं. बाई बाळाला अंगावर पाजत नसेल आणि कोणताही गर्भनिरोध नसेल, तर दोन जन्मांमधलं सरासरी अंतर साधारण २० महिन्यांचं: पाळी परत येईपर्यंत दीड महिना, दिवस राहीपर्यंत साडेसात महिने, गर्भपातांत जाणारे सरासरी दोन महिने आणि गरोदरपणाचे नऊ. आता दीर्घकाळ अंगावर पाजल्यामुळे तो दीड महिन्याचा बंद काळ अठरा महिन्यांचा झाला, तर अंतर साडेछत्तीस महिन्यांवर जातं. तेवढ्याच वर्षांत होणारी मुलं जवळजवळ निम्मी. आपल्या आज्या-पणज्या मूल दोन वर्षांचं होईपर्यंत पाजत असत. त्यातून दोन बाळंतपणांमधलं अंतर राखलं जात होतं, ते या बेरजेच्या जोरावर.

सहा दिवस

मासिक शक्यता कळली. पण महिन्यातला दिवस कसा शोधायचा? जिनी टोरांटोला बोलत होते त्याच १९२४ साली जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो या डॉक्टरांनी दाखवलं, की स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी. पण जोडप्यांचा संबंध एका चक्रात अनेक दिवशी येतो. दिवस राहिले, तर श्रेय त्यातल्या कोणत्या दिवसाला द्यायचं?

१९६९ साली जॉन बॅरेट आणि जॉन मार्शल यांनी यावर सुंदर तोडगा काढला. त्यांच्यापुढे ब्रिटिश जोडप्यांच्या नोंदी होत्या: रोज सकाळी घेतलेलं तापमान आणि संबंध आलेले दिवस. त्यांनी प्रत्येक दिवसाला स्वतःची एक शक्यता दिली आणि म्हटलं, की सबंध चक्र निष्फळ जाण्याची शक्यता म्हणजे त्यातल्या संबंध आलेल्या एकेका दिवसाच्या अपयशांचा गुणाकार. कुठल्या चक्रात अमुक दोन दिवस, कुठल्या चक्रात भलतेच तीन, अशी शेकडो चक्रं एकमेकांशेजारी ठेवली, की प्रत्येक दिवसाचा वाटा वेगळा होऊन समोर येतो. एकाही चक्रात नेमका दिवस कळलेला नाही, पण सगळी चक्रं मिळून तो सांगतात. पुढे १९८० मध्ये डॅनियल श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी एक दुरुस्ती सुचवली: काही चक्रांत दिवस कितीही अचूक साधला तरी गर्भ टिकणारच नसतो, म्हणून 'हे चक्र फळण्याजोगं आहे का' याचीही एक वेगळी शक्यता धरायला हवी.

या सगळ्या विचाराला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात. अ‍ॅलन विल्कॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग आणि डोना बेअर्ड यांच्या अभ्यासात २२१ स्त्रिया सामील झाल्या. मूल हवं म्हणून त्यांनी नुकताच गर्भनिरोध थांबवला होता. त्या रोज सकाळची लघवी जपून ठेवत आणि संबंधांची नोंद करत. लघवीतल्या संप्रेरकांवरून स्त्रीबीज सुटल्याचा दिवस ठरवला गेला. ६२५ चक्रांचा हिशेब १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भधारणा झाली ती फक्त सहा दिवसांत: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी एकदाच संबंध आला असेल तर शक्यता सुमारे १० टक्के, बीज सुटण्याच्या दिवशी सुमारे ३३ टक्के. दुसऱ्या दिवसापासून दार बंद! शुक्राणू चार-पाच दिवस तग धरतात, स्त्रीबीज मात्र दिवसभरातच संपतं, म्हणून ही खिडकी मागच्या बाजूला लांब आणि पुढच्या बाजूला जवळपास शून्य आहे.

पण ही खिडकी दिनदर्शिकेवर चौदाव्या तारखेसारखी छापता येत नाही. याच स्त्रियांच्या नोंदींवरून २००० साली दिसलं, की सहाही दिवस चक्राच्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत बसतात ते फक्त सुमारे ३० टक्के स्त्रियांच्या बाबतीत. नियमित पाळी येणाऱ्यांतही ती मागेपुढे सरकते. म्हणूनच नुसत्या तारखा मोजून गर्भ टाळायला जाणारे फसतात, आणि तारखा मोजून गर्भ धरायला जाणारेही.

न कळलेले गर्भ

त्याच जपून ठेवलेल्या नमुन्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती ऐकून मन हलतं. गर्भ रुजू लागताच शरीरात जे संप्रेरक पाझरतं, त्याचा अत्यंत सूक्ष्म अंशही ओळखणारी तपासणी या नमुन्यांवर केली गेली. १९८८ मध्ये निष्कर्ष आला: १९८ गर्भधारणांपैकी २२ टक्के डॉक्टरांना वा घरच्यांना कळण्याआधीच संपल्या होत्या. पुढे कळलेले गर्भपात धरून एकूण ३१ टक्के. म्हणजे 'या महिन्यातही काही नाही' म्हणून मन खट्टू झालेल्या काही महिन्यांत खरं तर गर्भ रुजला होता, दोन-चार दिवस राहिला होता आणि नेहमीच्या पाळीसारख्याच पाळीबरोबर निघून गेला होता. पहिल्या महिन्यांचं हे गळणं निसर्गात मोठ्या प्रमाणावर चालूच असतं. कुणी काय खाल्लं, कोण जिना चढलं, यावर त्याचं खापर फोडणं निराधार आहे.

एका प्रश्नाचं यंत्र

'किती महिने लागले?' हा प्रश्न पुढे विषाचा माग काढणारं यंत्रही झाला. एखाद्या पदार्थानं जननक्षमता थोडीच मंदावली, तर कुणाला कायमचं वंध्यत्व येणार नाही. मुलं होतील, पण उशिरा. हा उशीर एका जोडप्यात कधीच ओळखू येणार नाही, समूहात मात्र लपत नाही. १९८५ मध्ये बेअर्ड आणि विल्कॉक्स यांनी दाखवलं, की धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांपैकी ३८ टक्क्यांना पहिल्याच चक्रात दिवस राहिले, तर करणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना. वर्षापेक्षा जास्त काळ लागण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांत ३.४ पट होती. १९९२ मध्ये दातांच्या दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास आला. तिथे रुग्णांना गुंगी यावी म्हणून नायट्रस ऑक्साइड वापरतात. हा वायू शोषून घेण्याची सोय नसलेल्या खोलीत आठवड्याला पाच तास वा जास्त काम करणाऱ्यांची मासिक शक्यता इतरांच्या फक्त ४१ टक्के निघाली. एका साध्या प्रश्नानं कामाच्या जागेतला हवेतला धोका पकडला.

वयाचा हिशेबही याच मार्गानं लागला. फ्रान्सचे आंरी लरिदों यांनी २००४ मध्ये संगणकावर प्रतिमान चालवून दाखवलं, की मूल जन्माला येईल अशी गर्भधारणा एका वर्षात होण्याची शक्यता तिसाव्या वर्षी प्रयत्न सुरू केल्यास ७५ टक्के, पस्तिसाव्या वर्षी ६६ टक्के आणि चाळिसाव्या वर्षी ४४ टक्के असते. चार वर्षं प्रयत्न केल्यास हेच आकडे ९१, ८४ आणि ६४ होतात. तिशी उलटली म्हणजे दार बंद झालं, ही भीती खरी नाही. पण कृत्रिम गर्भधारणा वयाचं सगळं नुकसान भरून काढते, हा भरवसाही खरा नाही. तीसऐवजी पस्तिसाव्या वर्षी सुरुवात केल्यामुळे जेवढ्या जन्मांची संधी जाते, त्यातली निम्मीच या उपचारांनी परत मिळते, असं हेच प्रतिमान सांगतं.

आपल्याकडे लग्नाला वर्ष होत आलं, की 'काही गोड बातमी?' असं विचारणं सुरू होतं. दुसऱ्या वर्षी उपास आणि नवस येतात, आणि बोट बहुतेक वेळा सुनेकडेच वळलेलं असतं. शंभर वर्षांच्या या मोजदादीनं त्या बोटाखालचा आधारच काढून घेतला आहे. जिनींनी तो आकडा स्त्रीच्या नावावर लिहिला होता, पण प्रत्यक्षात तो दोघांचा मिळून असतो. पुरुषाचं वीर्य तपासल्याशिवाय त्यातला निम्मा भाग कोराच राहतो. सहा महिने लागणं अगदी सर्वसाधारण आहे. वर्ष लागलं, तरी दुसऱ्या वर्षात आणखी पुष्कळांना दिवस राहतात. आणि डॉक्टर नियमित संबंध असूनही बारा महिने दिवस न राहिल्यास, तर स्त्रीचं वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच, तपासणीचा सल्ला देतात, त्या मुदतीमागेही हेच चाळणीचं गणित आहे: तोवर नुसत्या योगानं रेंगाळलेली बहुतेक जोडपी बाजूला झालेली असतात आणि मदतीची खरी गरज असलेली पुढे येतात. तेव्हा मुदत भरण्याआधी कुणाला दोषी धरायचं कारण नाही, आणि भरल्यावर लाजून घरात बसायचंही नाही. दोघांनी मिळून दवाखान्यात जायचं.